इंगोलश्टाटच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माटवी कशी बांधावी

भोपळा माटवीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या, मधोमध बांधू नका. बाकीचं पुढे सविस्तर सांगतो, पण घाईत असाल तर एवढं तरी वाचून ठेवा. 2021 साली आमच्याकडे दोन किलोचा भोपळा प्रतिष्ठापनेनंतर तासाभराने सुतळीतून निसटला आणि थेट मोदकांच्या ताटात पडला. गणपती चार बोटांनी वाचला. व्हिडिओ कॉलवर बाबा होते. ते शांतपणे म्हणाले, "भोपळो मधी कोण बांधता रे?"

आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीची शिपटं, परसातली तवशी-दोडकी-चिबूड आणि रानातून आणलेली कांगण्या, कवंडळं, हरणं ही फळं-फुलं असं सगळं बांधतात. ती माटवी. कुणी माटी म्हणतं, गोव्यात माटोळी. माझी बायको सोलापूरची. तिच्या माहेरी मखर असतं. लग्नानंतर पहिल्यांदा माटवी पाहून तिने हळूच विचारलं होतं, "देवाच्या डोक्यावर मंडई कशाला?" आता सुतळीच्या गाठी तीच मारते, कारण माझ्या गाठीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

2018 मध्ये आम्ही जर्मनीतल्या बव्हेरियात, इंगोलश्टाटला आलो. गाड्यांच्या कारखान्याचं गाव, कडेने डोनाउ, म्हणजे डॅन्यूब नदी. पहिली दोन वर्षं पुस्तकांच्या कपाटावर फोटो, पुढे निरांजन, वर लुकलुकणारी माळ. कुडाळहून काय काय बॅगेत घालून आणता येईल, एवढाच विचार डोक्यात. त्यातलं बरंचसं आणताच येत नाही, ते आधी सांगतो. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ बॅगेतून आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, आईच्या हातचं तूप, सगळं बाद. ताज्या फळांना, पानांना, फुलांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. आंब्याचा टाळ, विड्याची पानं, हळदीची पानं दाखल्याशिवाय आणू नका. आणि विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत, ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. माझ्या मावशीला हे अजून पटलेलं नाही.

डोक्यात प्रकाश पडला तो खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. 15 ऑगस्टला इथे मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो, आणि बव्हेरियात बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी रानातल्या औषधी वनस्पतींची जुडी बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. तिला क्रॉयटरबुशन म्हणतात. मधोमध पिवळ्या फुलांचा उंच दांडा, भोवती बाकीच्या वनस्पती, आणि त्याही मोजून, सात किंवा नऊ किंवा त्याहून जास्त. आजींनी ती जिन्यात माझ्या हातात दिली तेव्हा मला आमची पत्री आठवली. मग विचार केला, कुडाळची माटवी कुडाळची का, तर त्या महिन्यात कुडाळला जे पिकतं ते तिच्यात असतं म्हणून. आमच्या आज्याने काही रत्नागिरीहून कांगण्या मागवल्या नव्हत्या. तेव्हापासून आमच्या माटवीत नारळ सोडला तर सगळं इथलं असतं.

तारीख आणि रजा

चतुर्थी कधी ऑगस्टच्या शेवटी येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, आणि माटवीत काय बांधायला मिळेल ते त्यावर ठरतं. 2024 मध्ये 7 सप्टेंबर होती, शनिवार, उत्तम. 2025 मध्ये 27 ऑगस्ट, बुधवार. 2026 मध्ये 14 सप्टेंबर, सोमवार, आणि बव्हेरियातल्या शाळा दुसऱ्याच दिवशी उघडतात. म्हणून रजा जानेवारीतच टाकून ठेवा. ऑगस्टमध्ये सगळं ऑफिस सुट्टीवर असतं, तेव्हा ऐनवेळी मागितलेली रजा मिळत नाही. रविवारी दुकानं बंद आणि एरवीही रात्री आठला शटर खाली, त्यामुळे चतुर्थी सोमवारी असेल तर बाजार शनिवारीच उरका. आम्ही एकदा गुळाशिवाय अडकलो आहोत.

पूजेची वेळ इंडियाच्या कॅलेंडरवरून उचलू नका. गणपतीची पूजा मध्याह्नी, आणि मध्याह्न आपण जिथे आहोत तिथला. तुमच्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघा, मधल्या वेळेचे पाच समान भाग करा, तिसरा भाग तो मध्याह्न. सप्टेंबरच्या मध्यावर इंगोलश्टाटला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेसातला मावळतो, म्हणजे बाराला दहाएक मिनिटं कमी असल्यापासून साधारण दोन वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत. कुडाळ तेव्हा साडेतीन तास पुढे असतं. आमची पूजा सुरू होते तेव्हा बाबा जेवून, वामकुक्षी काढून, ताजेतवाने चुका काढायला बसलेले असतात.

मूर्ती

आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आधी पाट देऊन ठेवतात आणि मूर्तिकार त्या पाटावरच गणपती घडवतो. 2020 मध्ये विमानंच नव्हती, मूर्ती आणणार कोण? बाबांनी फोनवर विचारलं, "पाट खंय दिलंस?" म्हटलं, मीच करतो. जे झालं त्याला गणपती म्हणायला श्रद्धा लागत होती, पण सोंड होती.

कलेच्या सामानाच्या दुकानात दोन प्रकारची माती मिळते. हवेवर वाळणारी म्हणून जी पांढरीशुभ्र, मऊ माती छोट्या पाकिटात असते ती घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा चिकटवणारं काहीतरी किंवा धागे मिसळलेले असतात आणि ती पाण्यात विरघळत नाही. कुंभारकामाची साधी माती मागा. तिला इथे टोन म्हणतात, दहा किलोची पिशवी येते. खडबडीत कण घातलेली नको, गुळगुळीत घ्या. वीतभर मूर्तीला तीनेक किलो पुरते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. पोट आणि बैठक आतून पोकळ ठेवा, नाहीतर बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. मूर्ती थेट पाटावर घडवणार असाल तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला. माती वाळताना आकसते, लाकूड आकसत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत मांडी फाटते. पहिले चार-पाच दिवस वरून सैल प्लास्टिक ठेवा, मग काढा. पुरती वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. मुलांचे पाण्याचे रंग चालतात. डोळ्यांची आखणी शेवटी, सकाळच्या उजेडात, चहा प्यायच्या आधी. चहानंतर माझा हात हलतो. उंदीर मुलीकडे सोपवला आहे. तो दरवर्षी साळिंदरासारखा होतो.

चौकट

भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायची आणि घर सोडताना त्यावरून हिशोब करत बसायचं, हे मला झेपणारं नाही. त्यापेक्षा कपडे टांगायचे चाकांचे दोन लोखंडी स्टँड घ्या, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. चाकं काढून टाका. दोन्ही स्टँड समोरासमोर, मध्ये सव्वा मीटर अंतर. वरच्या दोन दांड्यांवर आडव्या काठ्या टाका. वाल चढवायला बागेच्या दुकानात लांब काठ्या मिळतात, त्या सरळ आणि हलक्या असतात. तीन काठ्या आडव्या, तीन उभ्या, प्रत्येक छेदावर सुतळीची घट्ट गाठ. झाली चौकट. स्टँडच्या पायांवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचे सहा-सहाचे गठ्ठे ठेवा आणि वर साडी टाकून झाका.

विमानाला निघताना बॅगा तोलायचा हातकाटा प्रत्येकाच्या घरी असतो. प्रत्येक वस्तू त्यावर तोलून बांधा. आमची माटवी साधारण अकरा किलोची होते. जड ते कडेला, स्टँडच्या दांड्याजवळ. हलकं ते मध्ये. नारळ चार कोपऱ्यांना. भोपळा घ्यायचाच तर मुठीएवढ्या शोभेच्या भोपळ्यांतला घ्या आणि तोही जाळीच्या पिशवीत घालून. कांद्याची जाळी सांभाळून ठेवा, ती इथे कामाला येते.

काय बांधायचं

आता मुख्य काम. रानातून काही तोडण्याआधी इथला नियम समजून घ्या. जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्यात रानफुलं, फळं, डहाळ्या स्वतःपुरत्या आणि थोड्या प्रमाणात घ्यायला मुभा आहे. त्याला लोक हांडश्ट्राउसचा नियम म्हणतात, म्हणजे हातात मावेल एवढा गुच्छ. संरक्षित वनस्पतींना हा नियम लागू नाही आणि संरक्षित जंगलात तिथले नियम वेगळे, पाटी वाचा. शेतातलं, बागेतलं तर विचारल्याशिवाय नाहीच.

ऑगस्टच्या शेवटी चतुर्थी आली तर फोगलबेरे घ्या. रस्त्याकडेच्या झाडांना लालभडक बोराएवढ्या फळांचे घोस लटकतात, ते लांबून बघितले तर पिकल्या सुपारीच्या शिपटासारखे दिसतात. सुपारीच्या जागी मी तेच बांधतो. रानगुलाबाची लाल फळंही साधारण तेव्हाच रंगायला लागतात. काटे असतात, हातमोजे घाला. मक्याची कणसं सालीसकट. सफरचंदं देठाला धरून. काकडी इथली सरळसोट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते, ती तवशासमोर केविलवाणी दिसते. तुर्की दुकानात जा, तिथे जाडजूड काकड्या, लांब हिरव्या मिरच्या आणि कोवळी भेंडी मिळते. द्राक्षांचा घोस वेलीच्या तुकड्यासकट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सप्टेंबरच्या मध्यावर चतुर्थी असेल तर चंगळ. काटेरी हिरव्या कवचातले रानचेस्टनट पडायला लागलेले असतात. कवच अर्धवट उकललेलं असतानाच डहाळीसकट बांधा, आतला तपकिरी गोळा चकाकतो. ही रानटी जात खायची नसते, हे मुलांना आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. त्याच सुमारास प्फाफनह्यूटशन नावाच्या झुडपाला गुलाबी चौकोनी फळं येतात, ती उकलली की आत केशरी दाणा. मी पहिल्यांदा पाहिलं आणि जागीच थांबलो. थेट कांगणीची बहीण! नंतर कळलं की दोघी खरोखरच एका कुळातल्या आहेत. पण हे झुडूप विषारी आहे, सगळं, फळासकट. घरात लहान मूल असेल तर सर्वात वरच्या काठीला, हात पोचणार नाही असं बांधा, नाहीतर सोडून द्या. कुडाळच्या माटवीतली कळलावी काय कमी विषारी असते? पण तिथे ती खाऊ नये हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत असतं. इथल्या मुलांना सांगावं लागतं.

आणि हॉप्स. बिअरमध्ये घालतात ते. इंगोलश्टाटच्या दक्षिणेला हालरटाउ नावाचा मुलूख आहे, जगातल्या सर्वात मोठ्या हॉप्सपट्ट्यांपैकी एक. सहा-सात मीटर उंच तारांवर वेल चढवलेले असतात आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते. ऐन गणपतीत! हिरव्या, पापुद्र्यापापुद्र्यांच्या फुलांचे झुबके, वेल लवचिक, वजन नगण्य, म्हणजे माटवीसाठीच जन्मलेली वस्तू. पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याकडे जाऊन मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की देवाच्या डोक्यावर बांधायला एक वेल हवा. तो हसला, ट्रॅक्टरवरून उतरला आणि तीन वेल गाडीच्या टपावर टाकले. पैसे घेईना. आंब्याच्या टाळाची जागा आता हॉप्सने घेतली आहे. बाबांनी विचारलं, "ह्यां कसला?" सांगितलं, दारूचं फूल. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोहाचां पण दारूचांच."

तेरड्याची गोष्ट वेगळी. गावी गौरी तेरड्याची. डोनाउच्या काठाने ऑगस्टमध्ये चालत जा, गुलाबी फुलांची माणसाएवढी उंच दाटी दिसेल, आणि शेंगेला बोट लावलं की टचकन उडते. तेरड्याचीच जात, हिमालयातून इकडे बागेसाठी आणलेली आणि मग नदीकाठ बळकावून बसलेली. इथे तिला भारतीयच म्हणतात. मला इतका आनंद झाला की हातभर तोडून घरी आणणार होतो. पण ही वनस्पती 2017 पासून युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे, ती लावायची किंवा इकडून तिकडे न्यायची नाही. शेंगा उडतात आणि बी पसरतं, कारण सरळ आहे. तेव्हा हौस असेल तर आपल्या तेरड्याचं बी बागेच्या दुकानात विचारा आणि कुंडीत लावा. जास्वंदही कुंडीत मिळते. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून पूजेच्या सकाळीच काढा.

आजी पहिल्यांदा माटवी बघायला आल्या तेव्हा मी समजावायला लागलो होतो. त्यांनी हात वर केला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथल्या चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, मका, सफरचंदं, गव्हाच्या लोंब्या रचतात, एर्न्टेडांक म्हणतात, पिकासाठी देवाचे आभार. "तुमचं एक महिना आधी असतं," असं म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या.

मोदक, पण थोडक्यात

एशियन दुकानात थाई तांदळाच्या पिठाची पिशवी मिळते. लाल छपाईची साध्या तांदळाची, हिरव्या छपाईची चिकट तांदळाची. लाल घ्या. दोन वाट्या लालमध्ये दोन चमचे हिरवं मिसळलं तर पाऱ्या फाटत नाहीत. नुसतं हिरवं घेतलं तर मोदक वाफेत लोळण घेतात, तोही अनुभव आहे. खोवलेलं गोठवलेलं खोबरं तमिळ दुकानात मिळतं. त्याला पाणी सुटतं, म्हणून गूळ घालण्याआधी नुसतं खोबरं पाच मिनिटं परता.

पातोळ्यांना हळदीचं पान हवंच. फेब्रुवारीत एशियन दुकानातून ओल्या हळदीचे डोळे फुटलेले कोंब आणा, कुंडीत लावा, खिडकीत उबेला ठेवा. बाहेर काढायची घाई नको. मेच्या मध्यात इथे थंडीचे संत म्हणून चार-पाच दिवस मानतात, शेवटचा 15 मेचा, तोवर रात्री पारा घसरतो. त्यानंतर बाल्कनीत. ऑगस्टअखेरपर्यंत हातभर पानं होतात. तीन कुंड्यांत पंधरा-वीस पातोळ्यांची सोय होते.

आरती आणि धूर

बव्हेरियात झोपायच्या खोल्यांत, मुलांच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या बोळात धुराचा भोंगा सक्तीचा आहे. गणपती त्याच्यापासून लांब, खिडकीजवळ बसवा. भोंग्याची बॅटरी काढून ठेवायची अक्कल कुणी शिकवली तरी ऐकू नका. आरतीला खिडकी उघडी, कापूर एकच वडी आणि ती खोल तबकात. माटवीच्या खाली समई नको, हॉप्स दोन दिवसांत कागदासारखे वाळतात. रात्री दहानंतर इथे शांतता पाळतात. आम्ही आरती सातला करतो आणि चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावतो की अमुक दिवशी संध्याकाळी वीस मिनिटं टाळ वाजतील, यायचं असेल तर या. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आता झांज घेऊन येतो.

गाऱ्हाणं मात्र मालवणीतच. बाबा स्पीकरवर घालतात: "बा देवा म्हाराजा, पोरां परमुलखात आसत, त्यांची नोकरीधंद्यात राखण कर रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, आजींसकट, "व्हय म्हाराजा!" आजींना शब्द माहीत नाहीत, पण कुठे ओरडायचं ते बरोबर कळतं.

विसर्जन

आमचा गणपती दीड दिवसाचा. डोनाउत नेऊ नका. नदीत वस्तू टाकणं इथे चालत नाही, आणि चाललं असतं तरी आपण टाकू नये. मोठी बादली घ्या, मूर्ती पुरती बुडेल एवढी. मूर्ती खडखडीत वाळलेली असेल तर तासाभरात ढासळते. ओलसर असेल तर रात्रभर तशीच बसून राहते आणि मुलं रडतात. म्हणून वर वाळवण्यावर एवढा जोर दिला.

गढूळ पाणी बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका, माती नळीत जाऊन बसते आणि प्लंबरचं बिल येतं. दोन दिवस बादली हलवू नका. वर निवळलेलं पाणी कुंड्यांना घाला. माटवी उतरवून खाण्याजोगं सगळं शेजाऱ्यांत वाटा. चेस्टनट मुली खेळायला नेतात, सुकलेले हॉप्स आजी उशीत भरतात, झोप चांगली लागते म्हणतात.

तळाची माती मी झाकणाच्या डब्यात घालून तळघरात ठेवतो आणि पुढच्या वर्षी नव्या मातीत मूठभर मिसळतो. हे शास्त्रात बसतं का, असं बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "गावाक वझऱ्यातसून मूठभर रेव हाडतंवच मरे." म्हणजे गावी झऱ्यातून मूठभर रेती आणतोच की. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि मजला लिहा. एका वर्षी मी लिहिलं नव्हतं, आणि तळघर साफ करायला आलेल्या माणसाने तो रंगाचा जुना डबा समजून कचऱ्याच्या ढिगावर ठेवला होता. पहाटे सहाला गाडी यायच्या आधी पायजम्यात धावत जाऊन आणला.